चूक सापडेपर्यंत

मारेन बीलच्या मेलमध्ये एकही चूक नव्हती. थिबोडो सरांनी छापील प्रत दोनदा वाचली, मग लाल पेन हातात धरून तिसऱ्यांदा वाचली. विषयाची ओळ नेमकी होती, मायना बरोबर होता. मागणी पहिल्याच वाक्यात. पाल्हाळ नाही, लाचारी नाही. ‘वैयक्तिक कारणामुळे मी या सत्रातून माझं नाव काढून घेऊ इच्छिते. त्यासाठी काय करावं लागेल, ते कृपया कळवावं.’ खाली आभार आणि पूर्ण नाव.

कॉलेजमधल्या कुणाला तरी खरंखुरं काम असलेली मेल लिहा, असं त्यांनी वर्गाला सांगितलं होतं. आधी मला दाखवा, मी तपासून दिली की मग पाठवा. बाकीच्यांनी पार्किंगबद्दल, वसतिगृहातल्या गळक्या नळाबद्दल लिहिलं होतं. एकानं तर ग्रंथपाल बाईंच्या मेलची सुरुवात ‘काय म्हणताय?’ अशी केली होती. मारेननं रजिस्ट्रारला कॉलेज सोडायची मेल लिहिली होती.

वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची. बाहेर अमेरिकेतल्या मेन राज्यातला कडक हिवाळा होता, पण आत हीटर असल्यानं सगळे कोट काढून खुर्चीला अडकवत. ही मात्र कोट घालूनच बसायची, जणू आत्ता उठून जायचंय. तिच्याशी बोलताना सरांनी कुणाला पाहिलं नव्हतं.

तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं. घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. ठीक होतं. घर किनाऱ्यापासून दूर एका लहानशा बेटावर होतं; वडील तिथं लॉबस्टर पकडायचे, आई तिथलं पोस्ट सांभाळायची. मार्कही बरे होते. समुपदेशनाच्या खोलीत जाऊन आलीस का, तर हो, त्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी एक माहितीपत्रक दिलं.

“मग पाठवू का आता?” तिनं विचारलं.

“नको. एक चूक राहिलीय.”

“कुठं?”

“ती तू शोधायचीस. मंगळवारी माझ्या खोलीत येऊन सांग.”

असं आपण का बोललो, ते सरांना नीटसं उमगलं नाही. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते फळा पुसायला वळले, तो आधीच पुसलेला होता.

मंगळवारी ती आली. विषयाची ओळ फार तुटक झाली का, असं तिनं विचारलं. सर म्हणाले, ती ठीक आहे. ती उठणार तेवढ्यात त्यांनी बेटावरच्या शाळेबद्दल विचारलं. पुऱ्या शाळेत ती धरून सहा मुलं होती. तिथं दुकानात गेलं की दुकानदार नाव घेऊनच हाक मारायचा. इथं मात्र दोन-दोन दिवस कुणाच्या तोंडून आपलं नाव ऐकू येत नाही, असं ती सहज बोलून गेली आणि ओशाळली. सरांनी तिला चहा करून दिला. तो इतका पाणचट होता, की तिनं तोंडावरच तसं सांगितलं.

पुढच्या वेळी तिचा संशय स्वल्पविरामावर होता. नंतर आभारांवर: काम व्हायच्या आधीच आभार मानणं आगाऊपणाचं नाही का? सर प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवत आणि मग तास-अर्धा तास गप्पा होत. बेटावरून येताना बोट कशी लागते, सरांचा गुडघा बर्फात कसा दगा देतो, असं काहीबाही. एकदा तिनं घरचे ब्लूबेरीचे मफिन आणले. ‘इच्छिते’ हा शब्द जरा जडच आहे, असं वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहणारी इमोजेन म्हणते, हेही तिनं सांगितलं. मेल तिला वाचून दाखवली होती तर.

मग एका मंगळवारी ती म्हणाली, “सर, आम्हाला वाटतं, चूक मायन्यात आहे.”

सरांनी ‘आम्हाला’ ऐकलं आणि तिनं आणलेल्या मफिनचा तुकडा मोडला.

पण नाव काढून घेण्याची मुदत जवळ येत होती, तसतशी त्यांना रुखरुख लागली. मुलगी सज्ञान होती. तिनं विचार करून एक गोष्ट मागितली होती आणि आपण ती मास्तरकीच्या जोरावर अडवून धरली होती. उद्या हिचं वर्ष वाया गेलं, तर कुठल्या तोंडानं उत्तर देणार?

मुदतीच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला बोलावून घेतलं. दारात इमोजेन आणि आणखी एक मुलगी होती. लवकर आटप, जेवणघरात रांग लागेल, असं मारेनला बजावून त्या बाहेर बाकावर बसल्या.

सरांनी मेलची प्रत तिच्यापुढे ठेवली. वर पैकीच्या पैकी गुण लिहिले होते.

“हिच्यात चूक नव्हती,” ते म्हणाले. “कधीच नव्हती. तू जाऊ नयेस असं वाटलं, म्हणून मी खोटं बोललो. मला तसा हक्क नव्हता. उद्यापर्यंत मुदत आहे. पाठवायची असेल, तर खुशाल पाठव.”

मारेननं गुणांकडे पाहिलं. ती रागावेल, निदान दुखावेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. तिनं कागदाची घडी घातली.

“ते मला पहिल्याच मंगळवारी कळलं होतं, सर. पण तसं म्हटलं असतं, तर पुढच्या मंगळवारी काय सांगून आले असते?”