न लागलेला दिवा

बंकट आज पुन्हा फाटकाशी येऊन उभा राहिला. पायाचं लंगडणं अजून गेलं नव्हतं. गुरुलिंगअप्पांनी ओसरीवरून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मालक, माजलगावला कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हरची जागा हाय. ते म्हणत्यात, गुरुलिंगअप्पाचा एक शब्द आण. नुसतं म्हणा, माझी कसूर न्हवती."

"कसूर न्हवती?" अप्पा म्हणाले. "मग माझा रवि कुठं हाय बे?"

बंकटनं मान खाली घातली.

अंगणात गाडी उभी होती, डावी बाजू पार चेपलेली. चौसाळ्यातली पहिली छोटी जीपगाडी. काय तोरा होता तिचा! नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे दिवस नुकतेच सरले होते. शोरूमात जायचं नि गाडी घेऊन यायची. अप्पा दुकानात तराजू हातात धरून गिऱ्हाइकांना कौतुक सांगत बसायचे. काच बटणावर खाली येती. आणि लई गुणाची, तिचं काय दुखतंय ते तीच सांगती. इंजिनाचं तेल उतरलं की झारीचं चित्र पेटतं. बॅटरी रुसली की बॅटरीचं. ब्रेकचं तेल उतरलं की गोल कड्यात उद्गारचिन्ह, तांबडंलाल. शोरूमवाल्यानं एकदाच दाखवलं होतं, अप्पांना तोंडपाठ झालं.

गाडी दारात आली तेव्हा अप्पांच्या बायकोनं, दानम्मांनी, तिला ओवाळलं. अप्पांनी बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली. परळीहून आणलेली वैजनाथाची छोटी तसबीर आत समोरच्या काळ्या चकचकीत पट्टीवर पक्की चिकटवली.

"अप्पा, जरा कडंला लावा की," रवि हसत म्हणाला होता.

"देव मधोमधच असतो."

वडिलांपुढं रवि दुसऱ्यांदा बोलायचा नाही. पुढं महिन्याभरानं बंकटला ड्रायव्हर ठेवला. मग एके दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात ब्रेक लागलेच नाहीत, आणि गाडी डाव्या अंगानं दरडीवर गेली. रवि डावीकडं बसला होता.

"ब्रेकचं तेल उतरल्यावर दिवा लागतोच," अप्पा म्हणाले. "घाटाच्या आधीच लागला असंल. तू बघितला न्हाईस. तुझं ध्यान न्हवतं."

"लागलाच न्हाई मालक. रविदादाची आण."

"त्याचं नाव घेऊ नको."

दानम्मा दारात येऊन उभ्या होत्या. "सोडा की आता. लेकरंबाळं हायत त्याला. एक शब्द दिल्यानं आपलं काय जातंय?"

"माझं पोर गेलं," अप्पा म्हणाले. "कुणाला तरी नको का धरायला? न्हाईतर मी झोपू कसा?"

गेले कित्येक महिने या घरात कोणी नीट झोपलं नव्हतं.

गाडी न्यायला बीडहून जुन्या गाड्यांचा दलाल आला होता. त्यानं आपली बॅटरी जोडली, आत बसून किल्ली फिरवली. "वायरिंग जित्ती हाय," तो म्हणाला. "चला, ओढून नेतो."

"थांबा," अप्पा उठले. "गाडी न्या. देव विकायचा न्हाई मला."

त्यांनी डावीकडचं दार ओढून पाहिलं. ते उघडेना. मग उजवीकडून आले. दलाल किल्ली तशीच ठेवून उतरला, बाजूला झाला. रविच्या जागेवर अजून काचेचा चुरा होता. तिकडं न बघता ते आत वाकले आणि तसबिरीच्या कडेला नख घातलं. लई घट्ट बसली होती. बंकट फाटकाशी तसाच उभा होता.

तसबीर सुटली. अप्पांनी डोळे मिटून ती कपाळाला लावली, आणि मग डोळे उघडले.

देवाच्या जागी गोल कडं होतं. त्यात उद्गारचिन्ह, तांबडंलाल पेटलेलं.