ऐकून घेतलेला लॅपटॉप

"परवाच नेलेला लॅपटॉप, स्क्रीन तर झकास आहे, साहेब. मग यांना बदलून कशाला हवाय?" सेल्समनने तिच्या धाकट्या भावाला विचारलं. पांढरी काठी मनगटाला अडकवून ती शेजारीच उभी होती. "स्क्रीन तुम्ही बघत बसा," ती म्हणाली. "मला दिसत नाही. मी ऐकून काम करते आणि याचा आवाज पहिल्या दिवसापासून फाटतोय." मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून ती शब्दन्‌शब्द टाइप करायची, सोमवारपासून नवं काम सुरू होणार होतं. सेल्समन पुन्हा भावाकडेच वळला. "मग वेगळे स्पीकर लावा ना, साहेब." भाऊ कुजबुजला, "ताई, तेवढंच करू या का? उगाच तमाशा नको." "होऊ दे तमाशा. आधी हे गाणं बंद करायला सांग." दुकानातलं गाणं थांबलं. मांडलेल्या एकेका लॅपटॉपच्या कळांवरून तिने बोटं फिरवली, मजकूर वाचून दाखवणारा आवाज सुरू करायला लावला आणि कान देऊन ऐकला. दोन नाकारले. तिसऱ्यापाशी सेल्समन म्हणाला, "साहेब, हा जाडजूड आहे. यांना झेपेल का?" तिने त्या जाडजूड लॅपटॉपवर एक ओळ टाइप केली, आवाज पूर्ण वाढवला आणि बटण दाबलं. खणखणीत शब्द दुकानभर घुमले, "गिऱ्हाईक मी आहे. माझ्याशी बोला." काउंटरवरची माणसं वळून बघू लागली. सेल्समनने घसा खाकरला. "ताई... हाच पॅक करू?" "करा," ती म्हणाली, "आणि नव्या बिलावर नाव माझं घाला."