गाळलेली पानं

डोळ्याच्या ऑपरेशननंतर मी पट्टी बांधून पडलो होतो आणि मुलगी कादंबरी वाचून दाखवत होती. नायिका तापाने फणफणली होती. पुढच्याच वाक्यात नायक एकटाच चहा करत होता.

"थांब. पानं गाळलीस."

"नाही हो, बाबा."

"जन्म गेला माझा वाचण्यात. पानं एकदम उलटलेली मला ऐकू येत नाहीत?"

तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "ती मरते, बाबा. आईसारखीच, दवाखान्यात."

माझं डोकंच फिरलं. "तुझी आई गेली तेव्हाही तुम्ही सगळ्यांनी हेच केलंत! 'तिला बरं वाटतंय, घरी जाऊन आंघोळ करून या' म्हणालात. मी कोण होतो तिचा, पाहुणा?

"मागं जा. एकही ओळ न गाळता वाच. या वेळी मी तिच्या उशापासून हलणार नाही."