डिकीतलं स्टूल

"मॅडम, सेडान आता कोण घेतंय? कंपनीने बंदच केली. हा शेवटचा पीस, तोही यार्डात पडून होता," सेल्समन म्हणाला. "फॅमिलीसाठी ती उंच गाडी बघा. रोडवर रुबाब राहतो."

सुचिताने तिकडे पाहिलंही नाही. तिने सेडानचं पुढचं दार उघडलं. "आई, बस."

बायजा बसली. पाय उचलावा लागला नाही, कुणाचा हात धरावा लागला नाही. ओट्यावर टेकावं तशी ती टेकली. मग तिने एकच गोष्ट विचारली.

"मागं डिकीत स्टूल मावंल का?"

सेल्समन हसला. सुचिता हसली नाही. बाबांचे दिवस झाल्यावर आई करंजाड्याला तिच्याकडे राहायला आली, तेव्हा कपड्यांच्या पिशवीबरोबर तिने ते लाल प्लॅस्टिकचं स्टूल आणलं होतं. कशाला, हे सुचिताने विचारलं नव्हतं.

बाबांची जुनी सेडान निकेशने, तिच्या भावाने, परस्पर विकली होती. ऐरोलीच्या घराखाली त्याची नवी गाडी आली. काळी, पुरुषभर उंच. मागच्या काचेवर त्याने सोनेरी अक्षरांत 'बाबांचा आशीर्वाद' लिहून घेतलं. बाबांचे गुडघे गेलेले. त्या गाडीत ते एकदाही बसू शकले नाहीत.

निकेशच्या मुलीचा, दीक्षाचा, साखरपुडा जासईला होता. बाबांनी पांढरे कपडे घातले, टोपी घातली. निकेशने लाल स्टूल आणून दारापाशी ठेवलं. बाबा चढले, घसरले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले. शेजारची पोरं हसली. रिक्षा करून दे, असं बायजा म्हणाली.

"नवरीचा आजा रिक्षातून उतरनार? लोक काय बोलतील?" निकेश म्हणाला. मग घड्याळ बघत, "बाबा, उशीर होतोय. तुमी घरीच थांबा. पोरी व्हिडिओ पाठवतील."

बायजा आधीच गाडीत बसली होती. ती उतरली नाही.

सुचिता जासईहून तशीच ऐरोलीला गेली. बाबा घराखाली त्याच स्टुलावर बसले होते. टोपी डोक्यावरच होती. त्यानंतर ते घराबाहेर पडले ते चौघांच्या खांद्यावरून.

निकेशसमोर सुचिता एकदाही रडली नाही. त्याला काय बोलायचं ते तिने घोटून ठेवलं होतं. फक्त वेळ यायची होती.

ती वेळ दीक्षाच्या लग्नाच्या दिवशी आली. आदल्याच आठवड्यात निकेश जिन्यावरून पडला होता. पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये.

"सुचे, माझ्या गाडीत चढताच येत नाय यार," तो फोनवर म्हणाला. "नवरीचा बाप टॅक्सीतून उतरला तर इज्जत काय राहील? तुझी गाडी बुटकी आहे, बसता येईल. घेऊन ये ना."

सुचिता आईला पुढे बसवून ऐरोलीला आली. घरची मंडळी मांडवात पुढे गेली होती. निकेश काळ्या गाडीला टेकून उभा होता. फेटा बांधलेला, काखेत कुबड्या, घामाघूम. बाबा बसले होते तीच जागा. इतके महिने घोटलेली वाक्यं सुचिताच्या तोंडून फुटेनात. तिचा हात मागचं दार उघडायला गेला.

"डिकी उघड," बायजा म्हणाली.

सुचिताने स्टूल बाहेर काढलं. निकेशचा चेहरा खुलला. "वा आई! पाय टेकवायला आणलंस?"

"त्याच्या गाडीजवल ठेव," बायजा सुचिताला म्हणाली.

सुचिताने स्टूल काळ्या गाडीच्या दाराशी ठेवलं आणि परत येऊन गाडी सुरू केली.

बायजाने काच खाली केली. याही वेळी ती उतरली नाही.

"उशीर होतोय, बाला. तू घरीच थांब. पोरी व्हिडिओ पाठवतील."