अकरा ठिकाणी

"ब्रॅकेट ओपन. त्रिविक्रम, कॉमा, टू थाउजंड ट्वेंटी वन. ब्रॅकेट क्लोज." अप्पांनी शेवटचं पान वाचून खाली ठेवलं. "अकरा जालें रे. अकरा ठिकाणीं मी आहें!"

रघुनंदन खुर्चीतून उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. दुपारपासून अशा वीसेक फेऱ्या झाल्या असतील. पाच वाजता त्याच्या टूलची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. साधा मजकूर टाइप करायचा, संदर्भ हवा तिथे एक छोटी आज्ञा लिहायची, की लेखकाचं नाव आणि साल कंसात आपोआप छापून येतं. एवढ्यासाठी सहा महिने डोकं फोडलं होतं. तपासायला मोठा मजकूर हवा म्हणून धाकट्या बहिणीनं, अक्षयानं, कोइम्बत्तूरहून आपल्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध पाठवला होता. विषय पानवेलीच्या मुळांची कूज. त्यात अक्षयाच्याच संशोधनाचा आधार अकरा वेळा घेतलेला.

घरी तंजावरकडची जुनी मराठी बोलणारे अप्पा, म्हणजे त्रिविक्रम, कुंभकोणमच्या कोर्टात पस्तीस वर्षं टायपिस्ट होते. एकानं विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ताडून पाहायचं, ही त्यांची जन्माची सवय. मुलाचं कामही ते असंच वाचून देत.

आणि नेमका इथेच घोळ झाला होता. घोळ टूलचा कसला, रघूचाच. नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असं त्यानं खुशाल धरून टाकलं होतं. आपल्याच घरात कुणाला आडनाव नाही, पासपोर्टावर मुलांच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, हे या शहाण्याला सुचू नये! अक्षया त्रिविक्रम. छापून आलं नुसतं त्रिविक्रम.

"अप्पा, ही चूक आहे," तो म्हणाला. "काम तिचें, नांव तुमचें छापतें आहे. बदलतों."

"कायला बदलायचें? असूं दे की. मुलगी माझीच ना?" अप्पा पानं जुळवायला लागले. "हे कागद मला दे. दारासुरमला जाऊन हनुमंतरावांना दाखवून येतों."

रघू जागच्या जागी थांबला. अप्पांचे जुने स्नेही हनुमंतराव, त्यांनीच आणलेलं लग्नाचं स्थळ मोडून अक्षया शिकायला गेली, त्याला दहा वर्षं झाली. तेव्हापासून अप्पांनी तिचं नाव उच्चारलं नव्हतं. विषय निघालाच तर ते गावाचं नाव घेत. कोइम्बत्तूरचा फोन आला होता. कोइम्बत्तूरला ताप आहे. आणि आज म्हणे मुलगी माझी. रघूला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

तो मागच्या अंगणात गेला आणि त्यानं अक्षयाला फोन लावला.

"अप्पांनी प्रबंध वाचला, अस्कं, शेवटच्या पानापर्यंत वाचलें. नांव त्यांचें छापलें गेलें, पण खूश आहेत. मुलगी माझी म्हणाले."



"माझें काय वाचलें, अण्णा? आपलें नांव वाचलें त्यांनीं," अक्षया म्हणाली. "परिषदेला गेलें तर माझ्या छातीवर त्रिविक्रम नांवाचा बिल्ला लावतात. पत्रांत डिअर त्रिविक्रम. पानमळ्याच्या चिखलांत कोण उभें होतें सहा वर्षें?"

"आजचा एक दिवस राहूं दे म्हणतों. पुढच्या वेळीं बदलतों."

"तुला पण तेंच सोयीचें वाटतें तर ठेव." तिनं फोन बंद केला.

रघू नळाखाली तोंड धुऊन आत आला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. बसल्या बसल्या त्यानं चार ओळी बदलल्या: आज्ञेनं अंदाज करायचा नाही, कोणतं नाव छापायचं ते ज्याचं त्यानं सांगायचं. संदर्भयादीतल्या अक्षयाच्या नोंदीत त्यानं तिचं नाव भरलं. प्रिंटर खरखरला. पाचला बारा मिनिटं कमी होती. संदर्भ असलेली तेवढी नवी पानं त्यानं अप्पांच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः पडद्यासमोर बसला.

अप्पा कोर्टातल्या सुरात सरळ वाचत गेले. "ब्रॅकेट ओपन," म्हणाले आणि थांबले. कागद जवळ घेतला, लांब धरला. मग रघूकडे पाहिलं. रघूनं मान वळवली नाही. वळवली असती तर त्याला रडू आलं असतं.

"राहूं दे, अप्पा. मी बघतों."

"न वाचतां कागद पुढें जात नाही," अप्पा तुटकपणे म्हणाले.

त्यांनी ओळीखाली बोट ठेवलं.

"ब्रॅकेट ओपन. अक्षया." नाव दोन तुकड्यांत बाहेर पडलं. "कॉमा. टू थाउजंड ट्वेंटी वन. ब्रॅकेट क्लोज."

दुसऱ्या ठिकाणी ते एवढे अडखळले नाहीत. पाचव्या ठिकाणापर्यंत रघूनं ताडणं सोडून दिलं होतं, नुसता ऐकत बसला होता. पाच वाजून गेले. सोबत काम करणाऱ्यांचे निरोप मोबाइलवर येऊन पडत होते: सोडायचं ना? आहेस ना? त्यानं मोबाइल पालथा घातला.

अकरावं झालं.

"सरि, अप्पा? ठीक आलें ना? पाठवूं?"

अप्पांनी पानं गुडघ्यावर आपटून सारखी केली आणि पहिलं पान वर घेतलं.

"पहिलें नीट आलें नाही," ते म्हणाले. "पुन्हा वाचतों."