अर्धं तिकीट

"एक अर्धं द्या," काकू म्हणाल्या.

तिकीटखिडकीतल्या मुलीनं मान उंचावून त्यांच्या मागे पाहिलं. लहान मूल कुठेच नव्हतं. ती नोकरीला लागल्यापासून चार महिने दर रविवारी हेच चाललं होतं. साठी उलटलेल्या या काकू अर्धं तिकीट घ्यायच्या, घडी करून पर्समध्ये ठेवायच्या आणि फाटकाजवळच्या बाकावर बसून राहायच्या. अभयारण्यात पाऊलसुद्धा टाकायच्या नाहीत.

पहिल्याच आठवड्यात तिनं वाटाड्या काकांना विचारलं होतं, "काका, या बाईंचं काय करायचं?"

"मागतील ते द्यायचं," एवढं बोलून काका फळ्यावर भरतीची वेळ लिहायला वळले होते.

वाटाड्या काकांना सगळे मोजणीमास्तर म्हणत. लोकांना पक्षी दाखवायला ते ज्या चिखलवाटेनं नेत, ती भरती आली की पाण्याखाली जाई. मागे राहिला तो राहिला. त्यामुळे मोजणी सगळेच वाटाडे करत, पण काकांची तऱ्हाच न्यारी. निघताना मोजणार, लाकडी पुलाशी मोजणार, परतताना एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजणार. बिनतिकिटाच्या माणसाला तर ते फाटकातून आत सोडतच नसत. एकदा एका बाईच्या कडेवर तान्हं बाळ होतं, काकांनी त्याचंही तिकीट फाडायला लावलं.

"अहो, ते कुठे चालणार आहे?" बाई म्हणाली.

"न चालू दे. डोकं आहे ना त्याला."

खिडकीतली मुलगी तेव्हा पोट धरून हसली होती. माणूस सोन्यासारखा, पण एखादा स्क्रू ढिला असावा, असं तिनं घरी आईला सांगितलंही होतं.

खिडकीशेजारी नियमांची जुनी पाटी होती. त्यातला पाचवा नियम कुणीतरी खिळ्यानं खरवडून टाकला होता. रिकामपणाचे उद्योग म्हणून तिनं एकदा तो अक्षर अक्षर लावून वाचला. कर्मचाऱ्यांच्या घरच्या माणसांना तिकीट लागणार नाही, असं लिहिलेलं होतं. इतक्या साध्या नियमावर कुणाचा एवढा राग, हे तिला कळलं नाही.

फेरी परत आली की काकू बाकावरून उठत आणि काकांना एकच प्रश्न विचारत.

"पाणमांजर दिसलं?"

"नाही," काका म्हणत.

मग दोघं एकाच बाटलीतलं पाणी पिऊन एकाच रस्त्यानं घरी जात. हे नवराबायको आहेत, हे तिला त्यावरूनच कळलं. कोड्यात टाकणारी होती ती खिडकीपाशी ठेवलेली, काय काय दिसलं ते लिहायची नोंदवही. परत आलेले लोक हौसेनं त्यात लिहीत, खाडीच्या वळणावर पाणमांजर, सोबत दोन पिल्लं, अगदी जवळून. समोर धडधडीत लिहिलेलं असताना काका बायकोशी खोटं का बोलतात? भांडण असणार. जुनं, मुरलेलं भांडण.

या रविवारी काकांची शेवटची फेरी होती. उद्यापासून ते निवृत्त. सकाळी पाण्याचे बूट चढवता चढवता ते आपणहून बोलले, हेच नवल.

"पोरी, एकच इच्छा आहे बघ. आज हिनं माझ्याबरोबर चालावं. बत्तीस वर्षं झाली, ती फाटकाच्या आत आलेली नाही."

"विचारलंत का त्यांना?"

"विचारायला तोंड लागतं," काका म्हणाले.

आज काही झालं तरी काकूंना आत पाठवायचंच, असं मुलीनं मनाशी ठरवलं.

तेरा लोक जमले. तेरा तिकिटं फाडून झाली तेव्हा काकू आल्या. त्यांच्या पायातही बूट होते. काका फाटकाशी उभे होते, ते त्या बुटांकडे बघतच राहिले.

"एक पूर्ण आणि एक अर्धं द्या," काकू म्हणाल्या.

मुलीला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. तिनं तिकिटांचं पुस्तक मिटलं आणि त्यावर हात ठेवला.

"काकू, आज तुमच्याकडून पैसे घ्यायचे? घरच्या माणसाला तिकीट लागत नाही. जुना नियमच आहे तसा, त्या पाटीवर बघा."

काका फाटक सोडून खिडकीशी आले.

"फाड," ते म्हणाले. "दोन्ही फाड."

काकूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. मग खिडकीशी वाकून हळू आवाजात, समजूत घालावी तसं त्या मुलीला म्हणाल्या, "आमची लेक सात वर्षांची होती. घरच्यांना तिकीट नाही, म्हणून तशीच गेली बापाबरोबर. पाणमांजर बघत वळणावर मागे राहिली. भरती चढत होती गं. यांनी तिकिटं मोजली, चौदा. डोकी मोजली, चौदा. आणि फाटक लावलं."