देगीला कफील

शरीफाने फडक्याची गाठ सोडली आणि तीन पासपोर्ट टेबलावरून अरवाकडे सरकवले. एक तिचा, एक जुबेदाचा, एक हफीजाचा.

अरवा सौदीतल्या राबिघमधल्या एका जमियाची, म्हणजे नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेची, बाई. तिने पासपोर्टांकडे पाहिलं, मग दुभाषी म्हणून आलेल्या शरीफाच्या नातीकडे, लाइबाकडे.

"दादी, ये क्यों दिए?" नात कुजबुजली.

"आपली कफील होणार ना ती? मग पासपोर्ट नको का तिला?" या मुलखात परदेशी कामगाराचा हमीदार मालक म्हणजे कफील, आणि कामगाराचा पासपोर्ट त्याच्याच ताब्यात.

सौदी माणसं घ्यायची म्हणून कंपनीने कोकणातली पोरं कमी केली होती. परतीच्या कागदांची वाट पाहत ती कँपात पगाराविना बसली होती. शरीफा, जुबेदा आणि हफीजा घरून त्यांच्यासाठी देगभर, मोठं पातेलं भरून, डाळभात शिजवून नेत. काल दरवानाने देग फाटकातच अडवली. परवाना कुठाय? आत पोरं ताटं घेऊन उभी, आणि बाहेर भात निवत गेला.

अरवाने पासपोर्ट परत सरकवले आणि बोलू लागली. लाइबा मराठी जुळवत सांगत गेली, "म्हणते, देग तुमचीच. काय शिजवायचं, कुणाला वाढायचं, तुम्ही ठरवा. लोकांची मदत जमियाच्या खात्यात येणार, पण तुमच्या कामासाठी वेगळी ठेवणार. परवाना जमियाचा, सरकारला जाबही जमियाच देणार."

"आणि आम्हांला सोडून जायचं झालं तर?"

"स्वतःचा परवाना मिळाला की जा, म्हणते. यल्ला, खुशाल निघा."

शरीफाने डोळे बारीक केले. "असं कुठं असतं? नीट विचार. तिला काहीतरी पाहिजेच असेल."

लाइबाने विचारलं. अरवा पहिल्यांदाच हसली.

"म्हणते, एकदा जेवायला येईन. मिरची कमी घाला."

दुपारी जमियाचा शिक्का पाहून दरवानाने फाटक उघडलं.

घरी शरीफाचे यजमान हुसेनमियाँ दारातच उभे होते. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट या मुलखात उतरल्या दिवसापासून कफिलाच्या कपाटात होता.

"काय ठेवून घेतलं तिनं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

त्यांनी फडकं मागून घेतलं, गाठ सोडली. तिन्ही पासपोर्ट होते. तरी एकेक उघडून त्यांनी आतले फोटो पाहिले. मग पुन्हा गाठ मारली, पण फडकं हातातच ठेवलं.

"शरीफा," ते म्हणाले, "विचार ना त्या बाईला, देगीची झाली तशी माणसांचीपण कफील होते का?"